पिवळ्या बोयाखालची पाकट

१

समुद्रात शिरताना पाय उचलायचे नसतात, घासत न्यायचे असतात. वाळूत पुरून बसलेल्या पाकटीवर, त्या चपट्या माशावर, पाय पडला, तर ती शेपटी वर फेकते आणि शेपटीतला करवतीसारखा काटा पोटरीत घालते. पाय घासत गेलं की तिला चाहूल लागते नि ती निमूट बाजूला होते. एवढीशी गोष्ट. एकदा सांगितली की पुरते. मामा ती मला रोज सकाळी सांगायचा.

"पाय घास."

"घासतेय."

"उचलतेयस."

"मामा, हा समुद्र आहे, फरशी नाही. हातात पोतेरंही दे, पुसून घेते."

"मिरचे, काटा बसला ना, मग बोल असं."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. धक्क्यामागं त्याचं पाणबुड्यांच्या टाक्यांत हवा भरायचं दुकान होतं. मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन एका संशोधन संस्थेचं काम धरलं होतं: धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात कोणत्या जातीच्या पाकटी येतात ते बघायचं, फोटो काढायचे, जात ओळखायची. एकट्यानं पाण्याखाली जायचं नाही हा संस्थेचा नियम, म्हणून मामा जोडीदार. सुटलेलं पोट रबरी सूटमध्ये कोंबत, चेन लावताना श्वास रोखून, "सूट आटलाय" असं समुद्राला सांगत तो रोज माझ्यामागं उतरायचा.

पाकट ओळखणं म्हणजे अर्धी पुसलेली सही ओळखणं. वाळूवर नुसती पुसट कड दिसते, वाटाण्याएवढे दोन डोळे आणि डोळ्यांमागं दोन भोकं. वाळूत पडलेली पाकट तोंडानं पाणी घेत नाही, त्या भोकांतून घेते. भोकं उघडतात, मिटतात. बघत राहिलं तर झोप येईल इतकं ते संथ असतं.

पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाची साखळी जिथं काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधलेली आहे, तिथं ती होती. पाणी फार तर दोन पुरुष खोल. ओल्या सिमेंटचा रंग, जेवायच्या टेबलाएवढी. ना गोल, ना चौकटच्या पत्त्यासारखी. अंगावर एकही ठिपका नाही, शेपटी आखूड नि जाड. मी तिच्यापुढं पोटावर आडवी झाले, कॅमेरा लावला आणि फोटो काढत राहिले.

पाण्याखाली स्वतःच्या श्वासाखेरीज दुसरा आवाज नसतो. आत घेताना तोंडातल्या रेग्युलेटरमधून कोरडी शीळ, बाहेर सोडताना बुडबुड्यांची खळखळ. शीळ, खळखळ. शीळ, खळखळ. कितीतरी वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की शीळ वाजली की तिची भोकं उघडतात आणि खळखळ झाली की मिटतात.

घड्याळं दोन असली तर कधीतरी बरोबर टिकटिकतातच. मी फोटो काढत राहिले.

वर आल्यावर मामानं माझा हवेचा मीटर हातात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दोन माणसांची हवा खाल्लीस तू."

"रेग्युलेटर गळत असेल."

"गळत नाहीये. मागंच होतो मी, तुझे बुडबुडे बघत. घाबरली होतीस का?"

"पाकटीला? मी?"

"मग खाली काय शर्यत पळत होतीस?" त्यानं मीटर सोडला. "उद्या त्या बोयापाशी नको. दुसरीकडं जाऊ."

"का?"

"मी म्हणतो म्हणून."

आमच्या घरात मोठ्या माणसांच्या प्रत्येक वाक्याला हीच शेपटी. कारण विचारलं की तोंड वाकडं. मला त्यांची काळजी चालली असती, पण काळजीलाही काही तर्क लागतो की नाही? मी पायातल्या फिन्स काढून दुकानाच्या दारात आपटल्या. आत कॉम्प्रेसर धडधडत होता आणि तरीही माझ्या कानात शीळच वाजत होती.

२

"उत्साह चांगला आहे," संस्थेतले सर फोनवर म्हणाले. "पण तरुण मुलांना दर आठवड्याला नवीन जात सापडते. आमच्या वेळी आम्ही आधी दहादा खात्री करायचो."

"सर, फोटो पाहिलेत का?"

"चष्मा गाडीत राहिलाय."

थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. आवाजातलं आमच्या वेळचं सगळं गळून पडलं होतं. "ही कड कुठल्याच जातीत बसत नाही हो. शेपटी जवळून हवी. आणि पोटाकडची बाजू मिळाली तर फारच उत्तम. कल्ल्यांच्या फटी खालीच असतात, त्यावरून बरंच कळेल. जमेल तुम्हाला?"

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला नि पाण्याखाली घेतलेला व्हिडिओ लावला. दुपारची वेळ. खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवर पडलेला, नळाचा थेंब भांड्यात टपकतोय. पडद्यावर ती वाळूत पडलेली आणि आवाजात माझीच शीळ, माझीच खळखळ. भोकं उघडत होती, मिटत होती. मी पाहत होते आणि त्या तालावर इथं टेबलाशी माझाही श्वास चालला होता. त्यातही नवल नव्हतं. समोरच्यानं जांभई दिली की आपणही देतो. शिवाय तो आवाज माझ्याच श्वासाचा होता.

कडेचा आकार मोजायला मी व्हिडिओ थांबवला. भोकं अर्धी उघडी होती.

पाठीत धपाटा बसला. पुढं झुकून मी जोरात खोकले. मागं आई उभी होती. ती धक्क्यावरचा बर्फखाना चालवते. दिवसभर बर्फाच्या लाद्या फोडून तिचे हात लाल नि भेगाळलेले असतात आणि लाकडी फळीसारखे लागतात.

"अगं, श्वास घे की कार्टे! कधीची हाका मारतेय. ओठ बघ आरशात, जांभळे पडलेत!"

"एकाग्रता म्हणतात याला, आई. तुला नाही कळायचं."

"मेल्यावर माणूस फार एकाग्र होतो," ती म्हणाली आणि घागरीतलं पाणी घटाघटा प्यायली. "मामाला सांग, उद्या हिला पाण्यात नेऊ नकोस. दमलीय."

"मी लहान आहे का?"

"श्वास घ्यायची आठवण करावी लागते तोवर लहानच."

मी लॅपटॉप फटकन मिटला. पडदा काळा झाल्याबरोबर छातीतलं काहीतरी सुटलं आणि नीट श्वास आला, हे मला जाणवलं. जाणवलं, आणि त्याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलं. आईला बरोबर ठरवण्यापेक्षा ते सोपं होतं.

३

मामाशी तह झाला तो असा: बोयापाशी एकच फेरी, शेपटीचे फोटो, मग वर. हातही लावायचा नाही. "लावलास तर टाकी काढून घेईन," मामा म्हणाला. "मग पोह नुसती फुग्यासारखी."

ती तिथंच होती, तशीच. इंचभरही हललेली नव्हती. पाण्यात रात्रभर भरती-ओहोटी होऊन गेली होती, वाळूच्या रेघा बदलल्या होत्या, पण तिच्या कडेवरची वाळू कालच्यासारखीच.

पाणबुड्याचा पहिला धडा असतो की श्वास कधीही रोखायचा नाही. मी रोखला. मला एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

भोकं थांबली.

मी सोडला. मिटली. मग मी मुद्दाम वेडेवाकडे श्वास घेतले. दोन तोकडे, एक लांब, मध्येच थांबणं, मध्येच धाप. ती माझ्याबरोबर होती. नक्कल करणारं माकड नेहमी क्षणभर मागं असतं. त्याला आधी बघावं लागतं. ती मागं नव्हती. ती मला बघून करत नव्हती. मग मी?

मी हे लांब श्वास, तोकडे श्वास स्वतः ठरवून घेतले होते. नक्की मीच ठरवले होते. मी मनाशी ते पुन्हा म्हटलं, आणि माणूस एखादी गोष्ट मनाशी दोनदा म्हणतो तेव्हा ती कितपत खरी असते ते मला ठाऊक होतं.

म्हणून मला राग आला. मला भीती वाटली की आधी राग येतो, हा माझा स्वभाव. मी कॅमेरा एका हातात घेतला आणि दुसरा हात वाळूतून तिच्या कडेखाली घातला. पोट बघायचं, फोटो काढायचा, ती एक मासा आहे हे सिद्ध करायचं, बस्स.

कड ऊन लागली. समुद्रातला मासा पाण्याएवढा गार असतो. ही माणसाच्या काखेसारखी ऊन होती.

मामानं मागून माझा दंड धरला आणि ओढलं. मी झटका दिला. त्यानं पुन्हा ओढलं. मास्कच्या काचेतून त्याचे डोळे दिसले, संतापलेले. त्याच क्षणी मी श्वास घ्यायला गेले आणि श्वास आला नाही. रेग्युलेटर ठीक होता, हवा तोंडापर्यंत येत होती. छातीच उघडत नव्हती.

तळ फुटला. वाळूचा लोट उठला आणि त्यातून शेपटी आली.

पाकट एकदा मारते आणि पळते. साधी गोष्ट आहे, तिला पळायचं असतं. हिला नव्हतं पळायचं. वाळूच्या धुरात मला फक्त ठोके कळत होते, ओल्या पोत्यावर काठी हाणावी तसे, एक, पुन्हा, पुन्हा, आणि प्रत्येक ठोक्याला मामाचा दंडावरचा हात आवळत होता. काळपट धूर पसरला. तो वाळूचा नव्हता. मामाचा रेग्युलेटर तोंडातून सुटला आणि पाण्याखाली ओरडण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. लांबून हाक मारल्यासारखा असतो तो.

मी त्याच्या सूटची पाठ मुठीत धरली, रेग्युलेटर परत त्याच्या तोंडात कोंबला आणि पाय मारत सुटले. डोळ्यांपुढं काळोखी यायला लागली होती. मग मागं कुठंतरी ती पुन्हा वाळूत बसली असावी, कारण एकाएकी माझी छाती उघडली.

४

धक्क्याच्या उतारावर मामाला उताणा टाकला तेव्हा जाळीवाले धावत आले. सूट कापला. मांडीत तीन भोकं होती नि चौथ्यात काटा तसाच मोडून राहिला होता, हाताच्या बोटाएवढा, दोन्हीकडून करवती.

"ओढू नका!" मी ओरडले. "उलटे दात आहेत, मांस फाटेल. गरम पाणी आणा, सोसेल तेवढं गरम!"

"ओढून काढलेला बरा, पोरी," एक म्हातारा जाळीवाला म्हणाला. "आमच्यात—"

"तुमच्यात काय करतात ते मला नको सांगू, बाबा. पाणी आण!"

चहाच्या टपरीवरून बादली आली. पाय बुडवला तेव्हा मामा असा ओरडला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. मग विष जरा मऊ पडलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. दात वाजत होते, तरी हसायला बघत होता.

"मिरचे," तो म्हणाला, "मी पाय घासले होते, हं."

आई बर्फखान्यातून आली ती हातातल्या मोगरीसकट, बर्फ फोडायची लाकडी मोगरी, दोन्ही हातांनी उचलावी लागते अशी. भावाची मांडी तिनं पाहिली. ती रडली नाही, किंचाळली नाही. मोगरी घेऊनच ती मामाबरोबर गाडीत बसली.

दवाखान्यात डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. तिनं काटा काढला, पण टोक तुटून आत राहिलं होतं, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून. "सूज उतरली की उद्या काढू," ती म्हणाली. "तोवर ऑक्सिजनवर ठेवते. श्वास जरा विचित्र चाललाय त्यांचा."

"विचित्र म्हणजे?"

"म्हणजे, फुप्फुसं छान आहेत. पण मध्येच..." ती थांबली. "थकव्यानं होतं असं."

बाहेरच्या बाकावर आईनं विचारलं, "हात लावलास तू तिला?"

खोटं बोलता आलं असतं. "हो."

थोबाडीत बसली. मी कॉलेजात होते तेव्हापासून आईनं हात उचलला नव्हता. गालाला तिच्या भेगा खरखरल्या.

"माझा एकच भाऊ आहे," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "मी त्याला खांद्यावर घेऊन वाढवलाय. कुठं असते ती?"

तेव्हा मला वाटलं की आयुष्यात प्रथमच आम्हा दोघींना एकच गोष्ट हवी आहे. मीही संतापले होते. नवीन जात, सर, फोटो, सगळं चुलीत गेलं होतं.

"पिवळ्या बोयाच्या साखळीपाशी," मी सांगितलं. "ठोकळ्याच्या धक्क्याकडच्या बाजूला. हलत नाही ती. जाळं टाकलं तर सरळ येईल."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मामाच्या खाटेशी बसले होते. हिरव्या पडद्यांचा वॉर्ड, वर कुरकुरणारा पंखा, मामाच्या बोटाला चिमटा आणि त्याची तार डोक्याशी टिकटिकणाऱ्या यंत्राला. तोंडावर ऑक्सिजनचा पारदर्शक मास्क. श्वास सोडला की मास्कच्या आत धुकं धरायचं, घेतला की विरायचं. शेवटी जरासा अडखळायचा तो, पायरी चुकल्यासारखा.

"टोक काढलं की घरी," मी म्हटलं.

"आणि मग तू लग्न कर नि मला सोड," मामा मास्कमधून पुटपुटला.

"तुला सोडून कोण उतरणार माझ्याबरोबर? एकट्यानं जायची बंदी आहे."

तो हसला. मास्कवर धुकं आलं. त्याच क्षणी मीही नाकानं श्वास सोडला होता.

मला ते बघायचं नव्हतं. मी पंख्याकडं पाहिलं. खिडकीकडं पाहिलं. काचेवर एक माशी चालत होती. मग डोळे आपोआप परत मास्कवर आले. धुकं, माझा श्वास. स्वच्छ काच, माझा श्वास. झोप नाही, धसका बसलाय, आवडत्या माणसाजवळ बसलं की लय जुळते. बाळं आयांबरोबर श्वास घेतात. मला दहा कारणं माहीत होती नि दहाही चांगली होती. फक्त दोघांचा श्वास फार संथ होता. बसलेल्या माणसाचा असा नसतो. वाळूत पडून राहिलेल्याचा असतो.

तसं असेल तर पाण्याखाली ती माझ्याबरोबर श्वास घेत नव्हती.

ही गोष्ट पुरती मनात उमटायच्या आत मास्क स्वच्छ झाला आणि स्वच्छच राहिला.

मीही थांबले होते. मी ठरवलं नव्हतं. छाती कोणीतरी बाहेरून धरल्यासारखी. मामाचे डोळे उघडे होते नि माझ्यावर होते, विचारत होते. यंत्र ओरडायला लागलं. नर्स धावली, डॉक्टरीण धावली, कोणीतरी मला ढकललं, मी खाटेच्या लोखंडावर आपटले. ओठात रक्त आलं. मामाच्या टाचा गादीवर आपटत होत्या.

मग एकदम दोघांनाही श्वास आला. हपापून, करकरत, एकाच वेळी.

"आई कुठंय?" मी जमिनीवरूनच विचारलं.

नर्सनं मास्क बसवत मान हलवली. "सकाळीच गेल्या. जाळीवाल्यांना घेऊन पाण्यावर जातेय म्हणाल्या. आज ओढणारच म्हणाल्या तिला."

मामानं माझं मनगट धरलं. त्याला सगळं कळलं होतं असं नाही. पण त्याला काहीतरी कळलं होतं.

"पळ," तो म्हणाला.

मी पळाले. तसं पळणं शत्रूवर येऊ नये. पाय पळत होते, काळीज बरगड्यांवर धडका देत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता आणि श्वास मात्र माझ्या पळण्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा वागत होता. कधी लांब नि संथ, कधी मुळीच नाही, कधी तीनचार तोकडे ओरबाडे. बाजाराचं वळण, मग दोरखंडाची दुकानं, मग उतार. दोनदा मी दिसेनासं होऊन भिंतीवर आदळले. एक बाई म्हणाली, "दारू पिऊन पळतेय बघ."

६

जाळं उतारावर अर्धं ओढून आणलं होतं. पाण्याची कड दहा पावलांवर. माणसं कोंडाळं करून उभी होती, कोणी काठी घेऊन, कोणी आकडा घेऊन. मधोमध आई, अनवाणी, साडी खोचलेली, हातात मोगरी.

तिच्या पायांशी पाकट उताणी पडली होती. पांढरी. एवढी पांढरी गोष्ट मी पाहिली नव्हती. शेपटी कोणीतरी आधीच कोयत्यानं तोडली होती. तो तुकडा बाजूला पडला होता आणि अजून सिमेंटवर फटके मारत होता.

"पाण्यात टाका तिला," मी म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. अर्धाच शब्द निघाला.

"आली बघा पोरगी," म्हातारा जाळीवाला म्हणाला. "बघवणार नाही तिला. धरा."

मी वाकून तिच्या कडेला हात घातला, पाण्याकडं ओढायला. तेवढ्यात दोघांनी मला बगलेतून उचललं. मी एकाच्या हाताला चावले, दात हाडापर्यंत गेले. त्यानं शिवी दिली पण सोडलं नाही. "शॉक बसलाय हिला. राहू द्या, ताई, तुम्ही आटपा."

मी तशी लोंबकळत असतानाच ते पाहिलं.

पाकटीच्या पोटावर कल्ल्यांच्या फटींच्या पाच जोड्या असतात. पाणी वरच्या भोकांतून आत येतं, या फटींतून बाहेर जातं. पाचही जोड्या एकत्र उघडतात, एकत्र मिटतात. एकच मासा, एकच श्वास. हिच्या तशा नव्हत्या. पहिली जोडी थरथरत उघडली तेव्हा माझ्या छातीत थोडीशी हवा आली. दुसरी वेगळ्याच वेळी उघडत होती नि मिटताना जरा अडखळत होती, पायरी चुकल्यासारखी. तिसरी भराभर चालली होती, भराभर नि उथळ, पाळण्यात झोपलेल्या एखाद्या तान्ह्याची चालते तशी. चौथी इतकी संथ की ती मेली असं वाटावं, आणि मग उघडायची. पाचवी मिटलेली होती. तिच्या कडा अजून चिकटलेल्या होत्या, नव्या नाण्यासारख्या कोऱ्या.

तिसरी कोणाची? चौथी कोणाची? कुठल्या घरात, कुठल्या किनाऱ्यावर?

"आई," मी म्हणाले. एवढं निघालं. "मामा. यात... मामा..."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा मऊ झाला. माझं म्हणणं तिला समजलं असं तिला वाटलं. "हो गं," ती म्हणाली. "मामासाठीच." आणि मोगरी खाली आणली.

असा आवाज बर्फाचा होत नाही. मोगरी रुतली नि ओली होऊन वर आली. पांढऱ्यावर लाल चढत गेलं. पहिल्या फटी ताणल्या गेल्या आणि माझ्या बरगड्यांत कोणीतरी पाचर ठोकली. धरणाऱ्यांच्या हातांत मी कमानीसारखी वाकले. दुसरी जोडी एकदा उघडली. अडखळली. मिटली.

मी तिच्याकडं बघत राहिले. उघड. उघड ना. पाय घासले होते त्यानं. उघड.

आईच्या कमरेचा फोन वाजला.

तिनं मोगरी एका हातात घेतली, दुसरा हात साडीला पुसला नि फोन कानाला लावला. "हो, बहीणच बोलतेय," ती म्हणाली. मग पलीकडचं ऐकलं. पाणी उताराला चाटत होतं. आईनं फोन पुन्हा कमरेला खोचला, नीट, पडणार नाही असा.

"माझा भाऊ खाल्लास," ती त्या पांढऱ्या पोटाला म्हणाली आणि मोगरी दोन्ही हातांनी धरली.

आई असं म्हणायला कितीशी हवा लागते? बोलताही न येणाऱ्या पोराला जमतं ते. मी तोंड उघडलं. पहिल्या फटी मिटलेल्या होत्या, आणि त्या उघडेपर्यंत मला थांबणं भाग होतं.

आईला नव्हतं.